शाइब पार्क आणि फिलाडेल्फियाचे दोन संघ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शाइब पार्क या फिलाडेल्फियाच्या जुन्या बेसबॉल मैदानावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. पहिला असा की, ‘शहराने पाठ फिरवल्यामुळे ॲथलेटिक्स संघ फिलाडेल्फिया सोडून गेला’ असे लिहून मी संघाचे व्यवस्थापक आणि भागीदार मालक कॉनी मॅक यांना मोकळे सोडले. त्यांनी तर दोनदा आपलाच विजयी संघ विकून टाकला, मग प्रेक्षकांनी कशासाठी यायचे? दुसरा असा की, शाइब पार्कला मी ‘साऱ्या शहराचे मैदान’ म्हटले, पण शहरातील कृष्णवर्णीयांच्या वाट्याला तिथे काय आले याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिसरा आक्षेप माझ्या एकाच वाक्यावर आहे : ‘पुढे वस्ती बिघडली आणि मैदान ओस पडले.’

या तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक सर्वस्वी माझी आहे. ‘वस्ती बिघडली’ हे शब्द मी ऐकीव सवयीने लिहून गेलो. उत्तर फिलाडेल्फियातील लीहाय ॲव्हेन्यू आणि एकविसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरची ती जागा ॲथलेटिक्सचे भागीदार मालक बेन शाइब यांनी घेतली, तेव्हा ती प्रतिष्ठितांची वस्ती मुळीच नव्हती. जवळच देवीच्या आणि इतर साथीच्या रोग्यांचे रुग्णालय होते आणि त्यामुळे जमिनीला भाव नव्हता. रुग्णालय लवकरच बंद होणार याची शाइब यांना कल्पना होती, म्हणून त्यांनी मध्यस्थांमार्फत, गाजावाजा न करता, तुकड्यातुकड्याने ती जमीन खरेदी केली. ज्या जागेकडे इतर लोक पाठ करून उभे होते तिथेच १२ एप्रिल १९०९ रोजी पोलाद आणि काँक्रीटचे, मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील पहिले मैदान उघडले. कोपऱ्यावर फ्रेंच प्रासादासारखा घुमटाकार मनोरा, त्यात पुढे कॉनी मॅक यांची कचेरी, आणि पहिल्याच दिवशी ३० हजारांहून अधिक प्रेक्षक. ॲथलेटिक्सने त्या दिवशी बोस्टनला ८-१ असे हरवले. तोवर मैदाने लाकडाची असत, आणि लाकडाची किंमत या शहराने मोजलेली होती : त्याच लीहाय ॲव्हेन्यूवर काही चौक पूर्वेला असलेल्या, फिलीज या शहराच्या दुसऱ्या संघाच्या मैदानाचा सज्जा १९०३ मध्ये कोसळून बारा माणसे दगावली होती.

मैदानाभोवतीची वस्ती गिरणी-कारखान्यांतील कामगारांची होती. प्रेक्षक ट्रॉलीने येत किंवा चालत येत. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने एकामागून एक हलले. घरांसाठीची स्वस्त कर्जे घेऊन गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, आणि तीच कर्जे व तीच उपनगरे कृष्णवर्णीय कुटुंबांना मिळत नव्हती. जो प्रेक्षक आता मोटारीने येऊ लागला त्याच्या मोटारीसाठी त्या दाट चाळवजा घरांच्या रांगांत जागाच नव्हती. यात वस्तीने बिघडण्यासारखे काय केले? आणखी एक तारीख मी लेखात द्यायला हवी होती. कोलंबिया ॲव्हेन्यूवरची दंगल, जिच्याकडे सगळे बोट दाखवतात, ती मैदानाच्या दक्षिणेला साधारण मैलभरावर ऑगस्ट १९६४ च्या अखेरीस झाली. फिलीजच्या मालकांनी मात्र मैदान १९६१ मध्येच विकून टाकले होते आणि ते स्वतः तिथे भाडेकरू म्हणून राहिले होते. जाण्याचा विचार आधी पक्का झाला, सबब नंतर सापडली. ते वाक्य मी लेखातून काढले आहे आणि त्या जागी वरचा मजकूर संक्षेपाने घातला आहे.

कॉनी मॅक यांच्याबाबत मात्र मी इतक्या सहजी मागे हटणार नाही. आपण दोन्ही विक्री एकाच मापाने मोजल्या आहेत, आणि मला वाटते की तिथेच गफलत होते.

१९१० ते १९१४ या पाच वर्षांत ॲथलेटिक्सने अमेरिकन लीग (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग, ज्यात फिलीज खेळतात) चारदा जिंकली आणि दोन्ही विभागांच्या विजेत्यांत होणारी वर्ल्ड सिरीज तीनदा. १९१४ मध्ये बोस्टन ब्रेव्ह्जकडून चारही सामने हरल्यावर मॅक यांनी संघ मोडायला घेतला. फेडरल लीग ही नवी प्रतिस्पर्धी लीग खेळाडूंना वाढीव पैसे देऊ करत होती. प्लँक आणि बेंडर हे चेंडू टाकणारे प्रमुख खेळाडू तिकडे गेले, दुसरे प्रमुख खेळाडू एडी कॉलिन्स यांना ५० हजार डॉलरला शिकागोला विकले. परिणाम आपण लिहिला आहे तोच : १९१६ मध्ये ३६ विजय आणि ११७ पराभव, आणि १९१५ पासून ओळीने सात वर्षे तळाचे स्थान. या पहिल्या विक्रीचे समर्थन मीही करत नाही. खेळाडूंना बाजारभाव द्यायची तयारी नव्हती, आणि शिक्षा प्रेक्षकांना झाली.

दुसरी विक्री मात्र वेगळ्या परिस्थितीत झाली. १९२९ ते १९३१ हा संघ माझ्या मते त्या काळातला सर्वोत्तम होता. १२ ऑक्टोबर १९२९ च्या वर्ल्ड सिरीज सामन्यात शाइब पार्कवर शिकागो कब्ज ८-० असे पुढे होते. सातव्या डावात ॲथलेटिक्सचा एक उंच फटका शिकागोच्या हॅक विल्सनच्या दिशेने गेला; दुपारचे ऊन थेट डोळ्यांत आले, चेंडू दिसेनासा झाला आणि त्याच्या मागे कुंपणाकडे घरंगळत गेला, तोवर तिघे जण धाव पूर्ण करून ‘होम’वर पोहोचले होते. त्या एका डावात दहा धावा झाल्या आणि सामना १०-८ असा फिरला. त्यानंतर दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. १९२९ मध्ये हंगामाला ८ लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. १९३३ मध्ये तो आकडा ३ लाखांच्या आत आला. संघ तेव्हा वाईट खेळत नव्हता. १९३१ मध्ये १०७ सामने जिंकूनही प्रेक्षक घटले होते, म्हणजे गर्दी आधी आटली आणि सिमन्स, ग्रोव्ह, कॉक्रेन, फॉक्स या प्रमुख खेळाडूंची विक्री १९३२ च्या शरद ऋतूपासून १९३५ पर्यंत, त्यानंतर झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे आणि आपल्या युक्तिवादात तो उलटा झाला आहे.

ज्यांच्याकडे मद्यनिर्मितीचा किंवा अन्य मोठा धंदा होता असे मालक वाईट वर्षे पोटात घालू शकत. मॅक यांना बेसबॉलखेरीज उत्पन्न नव्हते. दारावर जे तिकिटाचे पैसे जमतील त्यावर पगार आणि बँकांचे हप्ते भागवायचे, असा तो कारभार. त्यात पेन्सिल्व्हेनियाच्या जुन्या कायद्याने रविवारी सामना खेळवण्यास बंदी होती. आठवड्याचे सहा दिवस गिरणीत राबणाऱ्या माणसाला एकच दिवस सुट्टी, आणि नेमक्या त्याच दिवशी त्याच्या घरामागच्या मैदानाला कुलूप. १९२६ मध्ये मॅक यांनी न्यायालयाच्या आधाराने एक रविवारचा सामना खेळवून पाहिला, पण तो एकच. बंदी उठली ती १९३३ च्या मतदानानंतर, आणि रविवारचे सामने सुरू झाले १९३४ मध्ये. तोपर्यंत संघ विकला जाऊ लागला होता. मंदीच्या काळात रात्रीचे सामनेही नव्हते. अमेरिकन लीगचा पहिला प्रकाशझोतातला सामना याच मैदानावर झाला, पण मे १९३९ मध्ये. हे सारे लक्षात घेता १९३२ नंतरच्या विक्रीला हाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

त्याच काळात मॅक आणि शाइब कुटुंबीयांनी केलेल्या एका गोष्टीचा मात्र मला आजही राग येतो, आणि ती आपल्या प्रतिक्रियेत आलेली नाही. उजवीकडची भिंत बारा फुटांची होती. तिच्यापलीकडे विसाव्या रस्त्यावर दुमजली घरांची रांग, आणि त्यांच्या गच्च्यांवरून सारे मैदान दिसे. घरमालकांनी गच्चीवर बाके टाकली, तिकिटे लावली, लिंबूपाणी विकले. चांगल्या दिवसांत याकडे काणाडोळा झाला. वाईट दिवस आले तेव्हा, १९३५ च्या हंगामाआधी, त्या भिंतीवर बावीस फूट उंचीचे पन्हळी पत्रे ठोकून ती चौतीस फुटांची केली गेली. रहिवासी न्यायालयात गेले आणि हरले. लोक तिला आकसाची भिंत म्हणू लागले, आणि नाव योग्यच होते. पत्र्याच्या पन्हळीवर आपटलेला चेंडू कुठे उडेल याचा पुढे खेळाडूंनाही भरवसा राहिला नाही. ज्या शेजाऱ्यांनी मैदान आपलेसे केले होते त्यांच्याच खिडक्यांसमोर पत्रा उभा करणे हा हिशेबात बसणारा निर्णय असेलही, पण शेजारधर्माला धरून तो नव्हता.

१९३८ च्या जुलैपासून फिलीजही आपले मोडकळीला आलेले मैदान सोडून शाइब पार्कमध्ये भाड्याने आले. ‘ॲथलेटिक्स ही केवळ तळटीप आहे, शहराचा खरा संघ फिलीज’ हे आपले विधान मला इथे तपासून पाहावेसे वाटते. फिलीज १८८३ पासून आहेत, पण त्यांनी वर्ल्ड सिरीज आजवर दोनदाच जिंकली, १९८० आणि २००८ मध्ये. ॲथलेटिक्सने फिलाडेल्फियात असताना पाच वेळा. १९५० मध्ये फिलीजच्या तरुण संघाने नॅशनल लीग जिंकली आणि पारडे फिरले. नेमक्या त्याच वर्षी मॅक यांच्या दोन मुलांनी इतर भागीदारांचा हिस्सा घेण्यासाठी मैदानच गहाण टाकले. ८७ वर्षांचे कॉनी मॅक पन्नास हंगामांनंतर त्याच साली निवृत्त झाले, आणि चार वर्षांत संघ कॅन्सस सिटीला विकला गेला. भाडेकरू फिलीजना अखेर मैदान विकत घ्यावे लागले. शेवटच्या १९५४ च्या हंगामात ॲथलेटिक्सचे प्रेक्षक जेमतेम ३ लाख होते. कर्ज आणि घरातली भांडणे ही कारणे मी लेखात दुय्यम ठेवली होती, ती आता पुढे आणली आहेत. परंतु रिकामी बाकेही तितकीच खरी होती.

आता दुसरा आक्षेप. ‘साऱ्या शहराचे मैदान’ हे शब्द मला मागे घ्यावे लागतील, कारण पुरावा आपल्या बाजूने आहे. १९४७ च्या वसंतात फिलीजचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी, मेजर लीगमधली वर्णबंदी त्याच वर्षी मोडणाऱ्या कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनला ब्रुकलिनमध्ये गलिच्छ शिव्या दिल्या. त्यावर ओरड झाल्यानंतर मे महिन्यात शाइब पार्कवर दोघांचे छायाचित्र काढण्यात आले. त्या छायाचित्रात दोघांनी मिळून एकच बॅट धरली आहे, हस्तांदोलन नाही. रॉबिन्सननंतर तब्बल दहा वर्षांनी, एप्रिल १९५७ मध्ये, फिलीजनी जॉन केनेडी हा आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवला आणि पाच सामन्यांत त्याला बाजूला केले. नॅशनल लीगमध्ये असे करणारा तो शेवटचा संघ होता. ॲथलेटिक्सनेही बॉब ट्राइस या आपल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला आणायला सप्टेंबर १९५३ उजाडू दिला. शहराच्या परिषदेने रॉबिन्सनच्या पत्नीची माफी मागितली ती २०१६ मध्ये.

यात एक भर मात्र घालतो, कारण ‘तिथे त्यांचे काहीच नव्हते’ हे आपले वाक्यही पुरते बरोबर नाही. निग्रो लीग या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल स्पर्धेतील फिलाडेल्फिया स्टार्स हा संघ, १९३४ चा विजेता, चाळीसच्या दशकात सोमवारी रात्री शाइब पार्क भाड्याने घेऊन खेळत असे. आठवड्यातली ती एक रात्र त्या बाकांवर कोण बसत होते, हा माझ्या लेखात यायलाच हवा होता असा विषय आहे, आणि त्यावर मी स्वतंत्रपणे लिहिणार आहे. फिलीजचे कृष्णवर्णीय खेळाडू डिक ॲलन यांच्याबद्दलही तिथेच लिहीन. १९६४ चा सर्वोत्तम नवोदित ठरलेला हा खेळाडू पुढे घरच्याच प्रेक्षकांनी फेकलेल्या वस्तूंपासून वाचण्यासाठी क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालत असे.

शेवटच्या सामन्याविषयी आपण विचारलेला तपशील : १ ऑक्टोबर १९७०, माँट्रियलविरुद्ध, दहा डावांत २-१ असा फिलीजचा विजय. लोकांनी आसने उखडून घरी नेली. १९७१ मध्ये आग लागली, १९७६ मध्ये वास्तू पाडली आणि आज तिथे चर्च आहे. गेल्या वसंतात मी तिथे गेलो होतो. चर्चच्या आवाराला वळसा घालून विसाव्या रस्त्यावर उभा राहिलो आणि घरांच्या त्या रांगेकडे वर पाहत राहिलो. गच्च्या इतक्या जवळ होत्या की, पत्रे ठोकण्याआधी तिथून मैदानातल्या खेळाडूचा चेहरा ओळखू येत असणार.

म्हणूनच आपल्या प्रतिक्रियेतील शेवटच्या ओळीकडे परत येतो. आपल्या जुन्या सहकाऱ्याचे वडील त्याच रस्त्यावर लहानाचे मोठे झाले आणि १९२९ ची वर्ल्ड सिरीज त्यांनी गच्चीवरून पाहिली, असे आपण ओझरते लिहिले आहे. त्या दिवशी गच्चीवर किती माणसे होती, बाक कोणी बनवले, शेजाऱ्यांकडून पैसे घेतले की नाही, आणि भिंत उंच झाल्यावर घरात काय बोलणे झाले, यातले जे काही त्या कुटुंबाच्या स्मरणात असेल ते त्यांच्या संमतीने मला कळवावे, ही आग्रहाची विनंती.