फोर टॉप्सचा जॅझ कुणी कोंडून मारला नव्हता

फोर टॉप्स या अमेरिकन गायक-चौकडीविषयी सोल संगीताच्या चाहत्यांत एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. ती साधारण अशी. हे चौघे मुळात जॅझ गाणारे. १९६३ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत आले तेव्हा त्यांनी एक अप्रतिम जॅझ अल्बम ध्वनिमुद्रित केला. मालक बेरी गॉर्डी याला त्यात पैसा दिसेना, म्हणून त्याने तो तिजोरीत कोंडला, चौघांना जबरदस्तीने पॉपच्या घाण्याला जुंपले आणि त्यांचे सर्वश्रेष्ठ काम ३५ वर्षे जगापासून लपवून ठेवले. शेवटी १९९९ मध्ये 'ब्रेकिंग थ्रू' या नावाने ते बाहेर आले.

अल्बम मुद्रित झाला, पडून राहिला आणि १९९९ मध्ये निघाला, एवढे खरे. पण त्याभोवती रचलेली खलनायकाची कथा मला पटत नाही, आणि ती ऐकली की मनापासून वाईट वाटते. कारण तिच्यात हे चार पक्के, अनुभवी गायक कुणीतरी हाताला धरून कुठेही नेलेली पोरे होऊन जातात.

आधी गॉर्डीबद्दल. त्याला जॅझची कदर नव्हती, असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या आयुष्याची सुरुवात पाहिलेली नाही. १९५३ मध्ये त्याने डेट्रॉइटमध्ये 'थ्री-डी रेकॉर्ड मार्ट' नावाचे तबकड्यांचे दुकान काढले, ते जॅझच्या वेडापायी. दुकानात येणारे कारखान्यातले कामगार ब्लूज मागत आणि हा त्यांना जॅझ समजावत बसे. ब्लूजच्या तबकड्या मागवायला लागेपर्यंत उशीर झाला होता. १९५५ मध्ये दुकान बुडाले आणि तो मोटारींच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे मोटाउन उभी राहिल्यावर त्याच माणसाने 'वर्कशॉप जॅझ' नावाचे स्वतंत्र लेबल सुरू केले. त्यावर बॅरिटोन सॅक्सोफोनवादक पेपर अ‍ॅडम्सने जॅझचा मोठा रचनाकार चार्ल्स मिंगस याच्या रचनांचा अख्खा अल्बम काढला. ड्रमर रॉय ब्रूक्स, ट्रॉम्बोनवादक जॉर्ज बोहॅनन, पियानोवादक जॉनी ग्रिफिथ यांच्या तबकड्याही तिथल्याच. मिंगसच्या रचना छापणारा माणूस जॅझकडे निव्वळ हिशेबाच्या वहीतून पाहत होता, हे मी मानायला तयार नाही. आणि फोर टॉप्सना मोटाउनमध्ये घेतल्यावर त्याने त्यांना पाठवले ते याच जॅझ लेबलकडे. जॅझ मारायचाच होता तर ध्वनिमुद्रणाचा खर्च कशाला केला असता?

मग अल्बम का निघाला नाही? इथे लोकांना कट दिसतो. मला मोडत आलेले एक दुकान दिसते. वर्कशॉप जॅझच्या तबकड्या खपत नव्हत्या आणि १९६४ च्या सुमारास लेबलच गुंडाळले गेले. ज्या फळीवर हा अल्बम मांडायचा ती फळीच उरली नाही. त्याच वर्षी हॉलंड-डोझियर-हॉलंड या मोटाउनच्या गीतकार-निर्मात्या त्रिकुटाने या चौघांना 'बेबी आय नीड युअर लव्हिंग' दिले आणि ते बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत चढले. पहिलेवहिले यश हाती आलेल्या गटाचा पुढचा अल्बम म्हणून ब्रॉडवेच्या नाटकांतल्या जुन्या गाण्यांची तबकडी कोणत्या कंपनीने बाजारात आणली असती?

शिवाय मोटाउनमध्ये गाणे पडून राहणे ही रोजची गोष्ट होती. दर शुक्रवारी तिथे दर्जा तपासणारी बैठक भरे आणि कोणती गाणी बाजारात जायची याचा निकाल तिथे लागे. खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही तबकडी घ्याल की सँडविच, असा प्रश्न गॉर्डी विचारत असे. या चाळणीतून न उतरलेली गाणी शेकड्यांनी साठली. २०१० नंतरच्या दशकात कंपनीने त्यातली कितीतरी वर्षवार संच करून ऑनलाइन काढली, कारण युरोपातल्या कायद्यानुसार ५० वर्षांत प्रसिद्ध न झालेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क जातो. ते संच ऐकलेत तर त्या फडताळात कोण कोण होते ते कळेल. कंपनीचा सर्वांत लाडका गट म्हणजे सुप्रीम्स या तीन गायिका. त्यांचा १९६५ मधला 'देअर्स अ प्लेस फॉर अस' हा अल्बमही असाच राहिला आणि २००४ मध्ये निघाला. सुप्रीम्सचा कुणी सूड घेत होते का?

मोटाउनचाच गायक मार्विन गे याचे उदाहरण तर उलट बाजूचे आहे. त्याला नॅट किंग कोल या मुलायम आवाजाच्या जॅझ गायकासारखे व्हायचे होते. मोटाउनने १९६१ मध्ये त्याचा पहिलाच अल्बम त्या धाटणीचा काढला. तो चालला नाही, तरी १९६४ आणि १९६५ मध्ये त्याच वळणाचे आणखी तीन काढले. लोकांनी तेही घेतले नाहीत. गॉर्डीला जॅझची भीती वाटत असेल तर ती चार वेळा हात पोळल्यानंतरची होती, हेही सांगायला हवे.

आता 'जबरदस्तीने' या शब्दाकडे येतो. मला सर्वांत जास्त खुपतो तो हाच.

लेवी स्टब्स, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन हे डेट्रॉइटच्या शाळांतले मित्र. १९५४ च्या आसपास ते 'फोर एम्स' या नावाने एकत्र गाऊ लागले आणि १९५६ मध्ये एम्स ब्रदर्स या दुसऱ्या गटाशी गल्लत नको म्हणून फोर टॉप्स झाले. त्या वर्षी चेस कंपनीसाठी गाणे केले, १९६० मध्ये कोलंबियासाठी, मग रिव्हरसाइडसाठी. एकही चालले नाही. या सगळ्या काळात ते क्लबांमधून गात होते. बिली एक्स्टाइनसारख्या दिग्गज जॅझ गायकाबरोबर त्यांनी दौरे केले. जेवणाऱ्या लोकांसमोर काट्याचमच्यांच्या आवाजात जुनी प्रसिद्ध गाणी चार आवाजांत बांधून गायची, यावर त्यांचे पोट होते. म्हणजे मोटाउनमध्ये आले तेव्हा त्यांच्यामागे जवळजवळ दहा वर्षांचा रियाज आणि दहा वर्षांचे अपयश होते. अशा माणसांना कुणी फसवून पॉप गायला लावत नाही. त्यांना रेडिओवर वाजायचे होते, आणि त्यात कमीपणा कसला?

'बेबी आय नीड युअर लव्हिंग'ची हकिकत ते आनंदाने सांगत. 'ट्वेंटी ग्रँड' या क्लबात ते टेम्पटेशन्स या मोटाउनच्याच गटाचा कार्यक्रम पाहायला गेले होते. तिथे त्या त्रिकुटातल्या ब्रायन हॉलंडने तुमच्यासाठी एक गाणे आहे असे सांगितले आणि कार्यक्रम संपल्यावर अपरात्री ते सगळे स्टुडिओत गेले. यात जुलूम कुठे आहे?

पुढचे ऐका. १९७२ मध्ये मोटाउनने लॉस एंजेलिसला बस्तान हलवले तेव्हा फोर टॉप्स कंपनी सोडून गेले. म्हणजे सोडता येत होते. आणि १९८३ मध्ये ते परत आले. आपले सर्वस्व ज्याने गाडून टाकले त्याच्या दारात माणूस अकरा वर्षांनी पुन्हा जाईल?

या कथेतला सर्वांत मोठा दोष मात्र कानाचा आहे. पॉप सुरू झाले तेव्हा त्यांच्यातला जॅझ संपला, असे ती गृहीत धरते. 'रीच आउट आय'ल बी देअर' वाजवा. १९६६ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलेले हे गाणे. सुरुवातीच्या पिकोलो-बासरीखाली घोडदौडीसारखा ठेका आहे आणि त्याच्या पोटात जेम्स जेमरसनचा बास चालतो. जेमरसन उभ्या बासवर जॅझ वाजवत वाढलेला माणूस. मोटाउनच्या वादकांपैकी कितीतरी जण असेच होते. दिवसा स्टुडिओत हिट गाणी वाजवायची आणि रात्री डेट्रॉइटच्या चिट चॅट लाउंजमध्ये मनसोक्त जॅझ. वर ज्या जॉनी ग्रिफिथचे नाव आले, तोही याच ताफ्यातला. वर्कशॉप जॅझ आणि मोटाउनचे हिट कारखाने ही दोन वेगळी घरे नव्हती. एकाच स्टुडिओत, पुष्कळदा तेच हात वाजवत होते.

आणि मुख्य गायक लेवीचा आवाज. तो बॅरिटोन, म्हणजे खालच्या पट्टीचा. हॉलंड-डोझियर-हॉलंड त्याला मुद्दाम त्याच्या सोयीपेक्षा वरच्या पट्टीत गायला लावत, म्हणजे वर पोचताना त्याला जीव तोडावा लागेल आणि तो ताण गाण्यात उतरेल. पट्टी एवढी ताणूनही सूर न फाटू देणे कच्च्या गळ्याचे काम नाही. क्लबमधल्या दहा वर्षांनी कमावलेला दमसास तिथे उपयोगी पडला. त्याच्यामागे पेटनने बांधलेली चौपदरी सुरावट आणि तिच्यावर अँडांटेस या तीन गायिकांचे उंच आवाज. गंमत म्हणजे ज्याला लोक 'बाजारू काळ' म्हणतात, त्यात या गटाकडून गायकी म्हणून जे मागितले गेले ते 'ब्रेकिंग थ्रू'पेक्षा कितीतरी अवघड होते.

मी तो अल्बम अनेकदा ऐकला आहे आणि तो मला आवडतो. ब्रास वाद्यांचा मोठा ताफा, फोर फ्रेशमेन या जॅझ गायक-गटाच्या वळणाची घट्ट हार्मनी, आणि लेवी नेहमीपेक्षा खालच्या सुरात, निवांत. त्याला एवढा मोकळा ऐकणे हे सुख आहे. पण त्यात फोर टॉप्सचा स्वतःचा असा ठसा अजून पडलेला नाही. त्या काळी अमेरिकेत अशी गाणी उत्तम गाणारे बरेच गट होते. 'बर्नाडेट'सारखे हिट गाणे गाणारा गट मात्र एकच होता, हाच. अल्बम १९६४ मध्ये निघाला असता तर जाणकारांनी कौतुक केले असते आणि तो विसरला गेला असता, असे मला वाटते. त्याला 'हरवलेली सर्वश्रेष्ठ कलाकृती' म्हणणारे बहुधा त्याच्या हरवण्यावर भाळले आहेत.

इतके सगळे म्हटल्यावरही एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि ती साधी नाही. लेबल बंद पडले हे १९६४ पुरते कारण झाले. १९७०, १९८० किंवा १९९० मध्ये कुणी हा अल्बम काढला असता तर काही बिघडले नसते. गट मोठा झाला होता, १९९० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्येही गेला होता. तरी फिती पडून राहिल्या. त्यामागे मला दुष्टावा दिसत नाही, दिसते ती बेपर्वाई. पण बेपर्वाईचीही किंमत कुणाला तरी मोजावी लागते. इथे ती लॉरेन्स पेटनने मोजली. गटातला हार्मनीचा खरा मेंदू तो. या अल्बमवर त्याचा हात सर्वांत जास्त जाणवतो. २० जून १९९७ रोजी तो गेला आणि अल्बम दोन वर्षांनी निघाला.

तोवर या चौघांनी एकही माणूस न बदलता चार दशकांहून जास्त काळ काढला होता. पेटन गेल्यावर उरलेले तिघे काही काळ नुसते 'द टॉप्स' म्हणून गायले. नावातला 'फोर' त्यांनी काढून टाकला होता.