चौकटीची भोकं बुजवू नका, काचेला नवी पाडू नका

‘दुहेरी काचेच्या खिडकीची सगळी दुखणी घरच्या घरी, एका दुपारात’ असं एक ढकलपत्र आतापर्यंत तीन वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे आलंय. त्यातलं शेवटचं तर अशा स्नेह्यांकडून, ज्यांच्या घरी तसली एकही खिडकी नाही. मजकूर थोडक्यात असा: काचेवर धुकं दिसलं की समजायचं, आतली निर्वात पोकळी गेली. मग काचेच्या दोन कोपऱ्यांत बारीक भोकं पाडायची, हेअर ड्रायरने आतली वाफ घालवायची आणि भोकं सिलिकॉनने बंद करायची. चौकटीच्या खालच्या अंगाला भोकं दिसली तर ती बनवणाऱ्याची चूक. तीही बुजवून टाकायची. पल्ला जड झाला तर गंज सोडवणारा स्प्रे मारायचा. एवढं करून भागलं नाही तर चौकटीसकट खिडकीच बदलायची.

यातला एक सल्ला अर्धा खरा आहे. बाकीचे पाळले तर बरी असलेली खिडकीही आजारी पडेल.

पहिलं म्हणजे ती ‘निर्वात पोकळी’. नेहमीच्या दुहेरी काचेत ती नसतेच. असते कोरडी हवा, नाहीतर आर्गॉन वायू. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन वजनाइतका असतो. ४ मिमी जाडीच्या दोन काचा १६ मिमी अंतरावर उभ्या करून मधली हवा काढली, तर त्या आत दबून फुटतील. निर्वात काचा बनतात, नाही असं नाही. पण त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकंच असतं आणि काचा एकमेकींना भिडू नयेत म्हणून मध्ये ठिपक्यांसारखे बारीक टेकू असतात. तुमच्या काचेत ठिपक्यांची जाळी दिसत नसेल, तर तिच्यातून जाण्यासारखं निर्वात काही नव्हतंच.

हा शब्दाचा कीस वाटेल, पण पुढचा सगळा घोळ याच समजुतीतून होतो. ‘काहीतरी निघून गेलं’ असं मानलं की माणूस ते परत भरायला निघतो. खरं तर काहीतरी आत आलेलं असतं.

दोन काचांच्या कडेने एक पोकळ पट्टी फिरलेली असते. काच तिरकी करून पाहिलं तर ती दिसते, तिच्यावर बारीक छिद्रंही दिसतात. या पट्टीच्या पोटात ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. नव्या बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नये’ लिहिलेली पुडी सापडते ना, त्याच जातकुळीचे. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटाइलचा काळा, चिकट थर असतो. तो वाफेला अडवतो. त्याच्या बाहेर दुसरा, जास्त ताकदीचा थर असतो, तो दोन्ही काचांना धरून ठेवतो.

आता ऊन पडलं आणि आतला वायू २० अंशांवरून ५० अंशांवर गेला, तर त्याचा दाब जवळजवळ दहा टक्के वाढायला बघतो. काचा किंचित फुगतात, रात्री पुन्हा आत बसतात. हे रोज चालतं, वर्षानुवर्षं. त्या ओढाताणीत कडेचा थर कुठेतरी दमतो आणि वाफेला वाट मिळते. पण धुकं लगेच दिसत नाही. येणारा ओलावा दाणे मुकाट्याने पीत राहतात. ते तुडुंब झाले की मगच पहिलं धुकं धरतं. म्हणजे ज्या दिवशी ते तुम्हाला दिसलं, त्या दिवशी काही बिघडलेलं नसतं. बिघाड कधीचाच जुना झालेला असतो.

धुकं दिसलं म्हणजे काच गेलीच, हेही खरं नाही. आधी बोट फिरवा. आतल्या बाजूने पुसलं गेलं तर खोलीतल्या हवेत ओलावा जास्त आहे, खिडकीचा दोष नाही. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत १२ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरणारच. खोलीत वाळत घातलेले कपडे, बंद दाराआडची आंघोळ, झाकण नसलेली पातेली, यांच्याकडे बघा आणि हवा खेळती ठेवा. बाहेरच्या बाजूने पुसलं गेलं तर उलट खूश व्हा. निरभ्र रात्री बाहेरची काच आकाशाकडे उष्णता सोडून गार पडते आणि घरातली ऊब तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून तिच्यावर दव बसतं. चांगल्या, उष्णता अडवणारा अतिपातळ थर दिलेल्या काचांवर हे जास्त दिसतं आणि नेमक्या त्यांच्याच तक्रारी होतात. दोन्हीकडून पुसूनही धुकं तसंच राहिलं, तरच कडेचा थर गेला म्हणायचं.

आता भोकं पाडण्याचा तो सल्ला. अर्धा खरा म्हटलं तो हाच. काचेत बारीक छिद्रं पाडून आतली बाजू सुकवायची आणि छिद्रांत हवा जाऊ देणारी बुचं बसवायची, असं काम करणारे व्यावसायिक आहेत. काच काही काळ स्वच्छ दिसूही शकते. पण त्यांच्या पद्धतीत छिद्रं मोकळी ठेवतात, कारण ओलाव्याला बाहेर पडायला वाट हवी. ढकलपत्राने नेमका तेवढा मुद्दा गाळून भोकं सिलिकॉनने बंद करायला सांगितलंय. सिलिकॉन पाणी अडवतं, वाफ अडवत नाही. तिच्यासाठी ते जाळीच्या दारासारखं आहे. कारखान्यात आतल्या थराला ब्युटाइल वापरतात ते उगाच नाही. त्यात हाताशी आलेली सिलिकॉनची नळी व्हिनेगरसारख्या वासाची असली, तर तिच्यातलं आम्ल कडेच्या मूळ थरालाच लागतं. खिडकीच्या कामाला न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन घ्यावं लागतं.

हेअर ड्रायरने दिसणारी वाफ जाते, दाण्यांतलं पाणी जात नाही. ते दाणे पुन्हा कोरडे करायला दोनशे अंशांहून जास्त उष्णता लागते आणि तितकी दिली तर बाकीची काच हातात राहणार नाही. आर्गॉन होता तो गेलाच. आतल्या अंगाला चांदीचा अतिपातळ थर असेल तर ओलाव्याने तो गंजतो, आणि ते डाग कशानेच निघत नाहीत.

आणि काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, असेल तर हे सगळं मनात यायच्या आधीच खेळ संपतो. अशा काचेला भट्टीतून निघाल्यावर कापताही येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. ड्रिलचं टोक थोडं आत शिरलं की अख्खी काच खड्यांसारख्या तुकड्यांत खाली येते. दारांच्या आणि जमिनीलगतच्या काचा बहुधा अशाच असतात. कोपऱ्यात कोरल्यासारखा पुसट शिक्का दिसतो का ते बघा. तो नसला तरी ड्रिल कपाटातच राहू द्या.

चौकटीच्या भोकांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे. त्यासाठी कुठलंही ढकलपत्र लागलं नव्हतं. वारा सुटला की खिडकीच्या खालच्या भागातून शीळ ऐकू यायची, मुंग्यांची रांगही तिथूनच. बाहेरून वाकून पाहिलं तर चौकटीत लांबट खाचा. मी त्या सिलिकॉनने छान गुळगुळीत बुजवल्या. शीळ थांबली आणि आपण मोठं काम केलं म्हणून मी हातही झटकले. पुढे दोन पावसाळे गेले आणि तीन काचा धुकट झाल्या. तिन्ही खालच्या कडेपासून वर. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

ही खिडकी पाण्याला पूर्ण अडवेल अशी बनवलेलीच नसते. वाऱ्याच्या जोराने आपटणाऱ्या पावसातलं थोडं पाणी बाहेरच्या रबरामागे जाणार, हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. ते चौकटीच्या पोकळीत उतरतं आणि खालच्या खाचांतून बाहेर पडतं. काच त्या पाण्यात बसू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या छोट्या पाचरींवर उचलून ठेवलेली असते. मी खाचा बुजवल्यावर पाणी तिथेच साठलं, पाचरींच्या वर आलं आणि कडेचा थर दिवसेंदिवस पाण्यात उभा राहिला. वाफ अडवायला बनवलेला थर सतत पाण्यात भिजत राहायला बनवलेला नसतो.

तपासणी सोपी आहे. पल्ला उघडा, खालच्या खाचेत कपभर पाणी हळूहळू ओता आणि बाहेरून कोणाला तरी बघायला सांगा. थोड्याच वेळात बाहेर धार लागली पाहिजे. नाही लागली तर आधी व्हॅक्यूम क्लीनरने धूळ आणि मेलेले किडे ओढून घ्या, मग वायर बांधायच्या नायलॉनच्या पट्टीचं टोक फिरवा. आतलं भोक आणि बाहेरचं भोक बहुतेक वेळा समोरासमोर नसतं, वारा सरळ आत येऊ नये म्हणून मुद्दाम सरकवलेलं असतं. म्हणून लोखंडी सळई घुसवून ‘आरपार’ करायला जाऊ नका. मुंग्यांचा त्रास असेल तर या खाचांवर बसणारी टोपणं मिळतात, ती पाणी सोडतात. शीळ आपण समजतो तशी या खाचांमुळे नसते, बहुतेक वेळा पल्ला रबरावर नीट दाबून बसत नसल्यामुळे असते. तेवढं कळलं असतं तर माझ्या तीन काचा वाचल्या असत्या.

पल्ला दाबून बसतो की नाही हे कागदाच्या पट्टीने कळतं. पट्टी अडकवून खिडकी बंद करा आणि ओढा. चारही बाजूंनी असं करत गेलं की जिथे पट्टी अलगद सुटते तिथे फट. पल्ल्याच्या कडेला कुलपाचे छोटे गोल खुंट असतात. बऱ्याच खिडक्यांत ते ॲलन कीने थोडे फिरवले की पल्ला आणखी आत ओढला जातो. एका वेळी थोडंच फिरवायचं, पुन्हा पट्टी लावून बघायचं. रबर चपटं किंवा कडक झालं असेल तर खुंट कितीही आवळून उपयोग नाही, रबरच बदलायचं, आणि त्याचा छेद पाहून नेमकं तसंच आणायचं.

स्प्रेबद्दल दोनच शब्द. असा सगळ्यांच्या ओळखीचा स्प्रे म्हणजे डब्ल्यूडी-४०. हे नावच ‘पाणी हटवणारं, चाळीसावा प्रयत्न’ असं आहे, १९५३ सालचं. जाम झालेला स्क्रू सोडवायला ते उत्तम. पण ते पातळ, उडून जाणारं. बिजागरीला कायमचं वंगण म्हणून ते पुरत नाही. मोकळं झाल्यावर पुसून हलकं मशीनचं तेल द्या. खनिज तेल रबरावर जाऊ देऊ नका, बहुतेक खिडक्यांचं काळं रबर त्याने फुगतं. रबराला सिलिकॉन स्प्रे.

पण पल्ला जड होण्याचं कारण निम्म्याहून अधिक वेळा वंगणाचं नसतंच, असं माझं मत आहे. पल्ला लोंबलेला असतो. हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा चौकटीला घासत असेल तर हेच. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. ६० सेंमी रुंद आणि १२० सेंमी उंच पल्ल्यात ४ मिमीच्या दोन काचा म्हणजे चौदा किलोंहून जास्त ओझं एका बाजूच्या बिजागऱ्यांवर. पल्ल्याची प्लॅस्टिकची चौकट एवढं एकटी पेलत नाही. तिला आकारात धरून ठेवते ती काचच. त्यासाठी बिजागरीच्या बाजूला खाली एक पाचर आणि कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे हँडलच्या बाजूला वर, दुसरी पाचर ठोकतात. लाकडी फाटकाला तिरपी पट्टी मारतात तसंच हे. पाचर सरकली किंवा कोणी बसवलीच नाही, की पल्ला तिरका होतो. मग हँडल जोर लावून फिरवावं लागतं आणि एक दिवस आतला गिअर तुटतो. हे दुखणं स्प्रेने जाणार कसं?

राहिलं चौकटीसकट बदलणं. चौकट पिळली असेल, सांधे उघडले असतील किंवा लाकूड कुजलं असेल तर जरूर बदला. नुसत्या धुकट काचेसाठी नको. काच हा चौकटीत बसवलेला सुटा भाग आहे आणि तो तेवढाच बदलता येतो. माळ्यावरच्या खोलीतली काच थोडी धुकट असेल आणि तुम्हाला ती सलत नसेल तर काहीही न करणं हाही चांगला पर्याय आहे.

बदलायचीच तर माप घेण्यात सगळं आलं. रुंदी आणि उंची, काचेला चौकटीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या काढून, काचेच्या कडेवर मोजा, नुसत्या दिसणाऱ्या भागावर नको. जाडी तीन आकड्यांत सांगा: काच, अंतर, काच. ४-१६-४ म्हणजे एकूण २४ मिमी. काचेसमोर बारीक ज्योत धरली की चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातल्या एकाचा रंग वेगळा असेल तर त्या पृष्ठावर उष्णता अडवणारा तो अतिपातळ थर आहे, आणि नवी काचही तशीच मागवायची. धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आतल्या बाजूने निघत असतील आणि खिडकी जमिनीलगत असेल, तर दोन माणसं आणि जाड हातमोजे घेऊन हे काम घरी होतं. वरच्या मजल्यावर बाहेरून काढायच्या पट्ट्या असतील तर कारागीर बोलवा. पट्ट्या काढताना आधी लांब, मधून वाकवून. बसवताना आधी आखूड. प्रत्येकीवर जागेचा क्रमांक लिहून ठेवा, त्या सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात.

टफन्ड काच मागवणार असाल तर माप दुसऱ्या माणसाकडून पुन्हा घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी चौकटीच्या आतून आतपर्यंतचं माप जसंच्या तसं कळवलं, पाचरींसाठी जागाच सोडली नाही. कापून कमी करता येत नसल्यामुळे ती कोरी करकरीत काच अजून त्यांच्या जिन्याखाली भिंतीला टेकून उभी आहे.