डांबरगोळ्यांनी उंदीर जात नाहीत, भोक शोधावं लागतं

भातकापणी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. भिंती तपासत बसू नका, कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवा. मोठी भोकं मिरचीपूड लावलेल्या बोळ्यानं नाहीतर फोमनं बुजवा. बोटापेक्षा बारीक फटीतून उंदीर येत नाही, ती सोडून द्या. मांजर पाळा, आणि भाताची पोती भिंतीला टेकवू नका. लोक तो चांगल्या मनानं पुढे पाठवतात, पण शेवटची गोष्ट सोडली तर त्यातलं काहीच धड नाही, आणि एक गोष्ट लहान मुलांच्या घरात धोक्याची आहे.

सगळं बिघडतं ते त्या बारीक फटीपाशी. घरातला लहान उंदीर जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. जिथून शिसपेन्सिल जाते, तिथून तोही जातो. म्हणून पेन्सिल आणि बॅटरी घेऊन घराला बाहेरून एक फेरी मारा. सिंकचा पाईप भिंतीतून जातो तिथे भोक पाईपपेक्षा मोठं पाडलेलं असतं आणि वर नुसती प्लॅस्टिकची चकती असते. ती सरकवून बघा. गॅसची नळी, केबलची वायर, मोरीचं तोंड, मागच्या दाराखालची फट, हेही बघा. खानापूरकडच्या चिऱ्याच्या घरांत खरी वाट वर असते. भिंतीच्या माथ्यावर वासे टेकतात तिथे कौलांखाली पोकळी राहते, आणि उंदीर तिथून थेट माळ्यावर उतरतो.

वापरातलं भोक ओळखू येतं. येता-जाता अंग घासून त्याच्या कडेला काळपट, तेलकट डाग पडतो आणि जवळपास तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या सापडतात. तरीही शंका असेल तर रात्री तिथे पिठाची पातळ पट्टी पसरा, सकाळी पावलं उमटलेली दिसतील. लेंड्या अर्ध्या इंचाच्या किंवा मोठ्या असल्या तर उंदीरही मोठा आहे. पायाशी उकरलेल्या मातीचा ढीग असेल तर बहुतेक घूस.

आता बोळा आणि फोम. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, तो कुरतडणारच. फोम तो सहज पोखरतो, आणि कापडाचा बोळा तर घरट्याला आयताच मिळतो. पाव इंची तारजाळी दुमडून भोकात घट्ट बसवा आणि वरून सिमेंट-वाळूचा गिलावा करा. नुसता ओला गिलावा तो रातोरात उकरून टाकतो, म्हणून आत जाळी हवीच. भांड्यांची तारेची घासणी चालते, पण स्टेनलेसची घ्या. साधी लोखंडी आपल्याकडच्या पावसात गंजून भुगा होते. कौलांखालच्या पोकळीत फक्त जाळी ठोका, म्हणजे हवा खेळती राहील. दाराखाली पत्र्याची पट्टी मारा.

डांबरगोळ्यांचा वास अन्नाच्या ओढीला अडवत नाही, आणि हळूहळू तो उडूनही जातो. पांढरी गोळी मूल मात्र पेपरमिंट समजून तोंडात घालू शकतं. त्यातल्या नॅप्थलीननं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या मुलांत जी६पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या तर जिवावर बेतू शकतं. रांगतं मूल असलेल्या घरात त्या जमिनीवर ठेवूच नयेत.

मांजर उंदीर धरतं, पण भिंतीच्या पोकळीत शिरत नाही. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, त्यामुळे एकटं मांजर पुरं पडत नाही.

काम करताना क्रम चुकवू नका. आधी बाहेरची भोकं बुजवा, त्याच दिवशी आत पिंजरे लावा, आणि ते रिकामे राहू लागले की मग आतली भोकं बुजवा. विष घातलं तर उंदीर भिंतीतच मरून कुजू शकतो. गणपतीचं वाहन म्हणून मारायला हात धजत नाही अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी तर आधी भोक बुजवायला हवं, नाहीतर आज शिवारात सोडलेल्याच्या जागी उद्या दुसरा येतो. लेंड्या कोरड्या झाडूनं लोटू नका. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून थोडं थांबा आणि हातमोजे घालून पुसा.

आणि पोत्यांचा सल्ला जरूर पाळा. फळीवर रचा आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे मागची भिंत आणि कोपरा बॅटरी मारून बघता येतो.