जैसलमेरचे बुरूज, पन्हाळ्याची ओल

राजस्थान फिरून आलेला कोल्हापूरकर जयपूरची खरेदी दाखवतो, उदयपूरचा तलाव रंकाळ्याशी ताडून बघतो आणि जैसलमेरवर आला की 'उंटावर बसलो, लई मजा आली' म्हणून विषय मिटवतो. दिवाळीनंतर गल्लीतली आणि पाहुण्यांतली मंडळी मिळून आम्हीही जाऊन आलो. माझं म्हणणं असं, की उंट चुकला तरी चालेल, किल्ला चुकवू नका. आणि किल्ल्यात गाइड घ्याच, फक्त त्याला काय विचारायचं ते घरातनं ठरवून जा. न विचारता जे सांगतात त्यातलं निम्मं पाठ केलेलं असतं आणि निम्मं दुकानाच्या दिशेनं जाणारं.

आमच्या सहलवाल्यांनी किल्ल्याला एक सकाळ दिलेली. त्यातच चढण, फोटो, चहा आणि 'चला, खाली गाडी उभी हाय'. तेवढ्या वेळात भवानी मंडप आणि अंबाबाईचं देऊळसुद्धा नीट बघून होत नाही. इथं तर तटाच्या आत अख्खं गाव नांदतंय.

किल्ला ११५६ सालचा. भाटी राजपुतांच्या रावळ जैसलनं लोदुर्व्याची जुनी राजधानी सोडली आणि त्रिकूट टेकडीवर नवीन बांधायला घेतली. लोदुर्वा सपाटीवर, कुणीही यावं आणि लुटून जावं असं. त्रिकूट तरी कितीशी उंच, पाऊणशे मीटर. पन्हाळ्यापुढं टेकाडच म्हणायचं. पण चौफेर नजर पोचेल तिथवर सपाट वाळवंट, त्यामुळं एवढ्या उंचीवरूनही येणारा दिवसभर आधी दिसत असणार. तटाला ९९ बुरूज. वर जायला एकामागं एक चार दरवाजे, अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल. प्रत्येक दरवाजाआधी वळण, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागाच नाही. पन्हाळ्याचा तीन दरवाजा बघितलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझा धंदा बांधकामाचा, त्यामुळं मी भिंतीला हात लावत लावत चाललेलो. पिवळा वालुकाश्म. तटाच्या दगडांत चुना नाही, दगडावर दगड नेमका घडवून बसवलेला. हवेल्यांत तर नक्षीचे तुकडे खाली घडवून मग वर जाग्यावर जोडलेले, जे आपण आता प्रीकास्ट म्हणून मिरवतो. छपराला लाकडी तुळया, त्यावर गवताचा थर आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीच्या गावात ही माती घर थंड ठेवते. ही सगळी पद्धत एका हिशोबावर उभी आहे. तो हिशोब म्हणजे इथं पाऊस पडत नाही. वर्षाकाठी दीड-दोनशे मिलिमीटर. गगनबावड्याला जुलैतल्या एखाद्या दिवसात एवढा पडून जातो!

गाइड किल्ल्यातच जन्मलेला, पस्तिशीचा. 'कहाँ से पधारे?' विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर 'चप्पलवाला कोल्हापूर!' म्हणून खूश झाला. पहिला अर्धा तास त्यानं पाठ केलेलंच सांगितलं, पण ते तरी काय कमी आहे? दसरा चौकात उभं करून त्यानं अडीच साक्यांची गोष्ट सांगितली. साका म्हणजे बायकांनी जोहार करायचा आणि पुरुषांनी केशरी बांधून शेवटच्या लढाईला बाहेर पडायचं. जैसलमेरला असे दोन झाले, दोन्ही दिल्लीच्या सुलतानांच्या वेढ्यात, आणि तिसरा अर्धा. सोळाव्या शतकात रावळ लूणकरणाच्या वेळी कंदाहारच्या अमीर अलीनं पाहुणा म्हणून येऊन दगा केला. चिता रचायलाही सवड नव्हती, म्हणून राजघराण्यातल्या बायका तलवारीनं मारल्या गेल्या. आणि मग बाहेरून कुमक आली, किल्ला वाचला. म्हणून तो 'आधा'. हे ऐकताना आमच्यातल्या काकू एकदम गप्प झाल्या आणि नंतर एवढंच म्हणाल्या, 'थोडा येळ थांबायचं हुतं की.' मला तरी ह्या गोष्टीवर ह्याहून बरोबर बोललेलं कुणी भेटलेलं नाही.

पुढं जैन मंदिरं. बारावं ते सोळावं शतक ह्या काळातली, एकमेकांना लागून सात. पार्श्वनाथाच्या देवळातल्या तोरणापाशी मी इतका रेंगाळलो की बायको पुढं जाऊन परत बोलवायला आली. त्याच मंदिरांच्या पोटात ताडपत्रांवरच्या जुन्या पोथ्यांचं भांडार आहे. वाळवंटातल्या राज्यात एवढा पैसा आला कुठनं, ह्याचं उत्तर उंटांचे तांडे. सिंधकडनं, पलीकडनं माल यायचा, भाटी राजे जकात घ्यायचे, जैन व्यापारी सावकारी करायचे. पटव्यांच्या पाच हवेल्या ह्याच पैशातल्या. गुमानचंद पटव्यानं पाच पोरांसाठी १८०५ च्या सुमारास काम सुरू केलं. नंतर मुंबईसारखी बंदरं वाढली, माल बोटीनं जायला लागला आणि तांडे बसले. १९४७ ला तर पलीकडची वाटच बंद झाली.

गल्ल्यांत एक गोष्ट मला फार आवडली. घराच्या दर्शनी भिंतीवर रंगानं गणपती काढलेला, खाली नवरा-नवरीचं नाव आणि लग्नाची तारीख. लग्नपत्रिकाच भिंतीवर. ती पुसत नाहीत. पुढचं लग्न निघालं की शेजारी नाहीतर वर नवीन. एका भिंतीवर जुना फिकट गणपती, त्याच्या कडेला ताजा, आणि ताज्याच्या खाली दगडाचा पापुद्रा सुटून पांढरी बुकटी पडलेली. बोटाला लागली. लोणा! भिंतीत ओल मुरली की वर फुटून येतो तो खार. आपल्याकडं जुन्या घराच्या जोत्याला लागतो तसला, अस्सल लोणा. वाळवंटात.

मग मी गाइडला विचारलं, 'भैया, बाथरूम का पानी किधर जाता है?' मंडळी हसली. तो नाही हसला. तिथनं पुढं तो गाइडसारखा बोलायचा थांबला आणि किल्ल्यात राहणाऱ्या माणसासारखा बोलायला लागला.

त्याच्या आजीच्या वेळी पाणी खालच्या गडीसर तलावातनं यायचं. चौदाव्या शतकात रावळ गडसीच्या वेळेपासून गावाचा भार त्या तलावावर. बायका डोक्यावर घडे घेऊन चढायच्या. डोक्यावरनं आणलेलं पाणी कुणी उधळत नाही. अंघोळीचं जनावराला, नाहीतर भांड्याला. पावसाचं जे काय पडेल ते किल्ल्याच्या जुन्या मोऱ्यांतनं, त्याला घूट नाली म्हणतात, चारी बाजूंनी तटाबाहेर जायचं. मग नळ आले. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं. पर्यटक आले, हवेलीच्या खोल्यांची हॉटेलं झाली, प्रत्येक खोलीला शॉवर आणि कमोड झाला. पाइप जुन्या दगडांतनं टाकले, ते गळायला लागले. टेकडी काही अखंड काळा पाषाण नाही, मऊ थरांची आहे. पाणी मुरलं की ती फुगते, सरकते, आणि वरचा बिनचुन्याचा तट तिच्याबरोबर चालायला लागतो. नव्वदच्या दशकात बुरूज ढासळले, माणसं गेली. १९९६ ला जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत जैसलमेरचं नाव लागलं. २०१३ ला राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांत जागतिक वारसा म्हणून निवड झाली. तरी ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाखालच्या भिंतीचा भाग पडलाच.

'हॉटेलं बंद केली तर?' मी विचारलं. तो म्हणाला, मग आम्ही खाऊ काय? आणि माणसं खाली गेली तर मोकळ्या घराची गळती कोण बघणार? ह्या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि ज्यांच्याकडं झटपट उत्तर असतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मोकळं घर राहत्या घराआधी पडतं, हे माझ्या धंद्यातलं पोरगंही सांगेल. पण डोंगराच्या पोटात रोज मुरणारं पाणी काढून बाहेर न्यायलाच पाहिजे, ह्यात दोन मतं असूच शकत नाहीत.

दुपारी कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं ओस गाव. दिवाण सालमसिंगाची वाईट नजर, चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, शाप दिला, रात्री आवाज येतात वगैरे गोष्ट तिथला माणूस अगदी रंगवून सांगतो. इतिहासकार आटलेलं पाणी आणि जबर कर ही कारणं देतात, भूकंपाचाही विचार झालाय. पण त्या भुतांच्या नादात ह्या पालीवालांची खरी करामत कुणी दाखवतच नाही. खडीन! खडकाळ उतारावरनं वाहून येणारं पावसाचं पाणी खाली मातीचा बांध घालून अडवायचं, जमिनीत मुरवायचं, आणि पाणी ओसरल्यावर त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरनं थेंब द्यायचा नाही. आमच्यातले एक ऊसवाले मामा हे ऐकून हबकलेच. 'कालव्याच्या पाण्याचं पाळीपत्रक न्हाई, मोटर न्हाई, आन् गहू?' ज्या जिल्ह्याच्या नावानं अख्ख्या महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ओळखले जातात, तिथल्या माणसाला वाळवंटात जाऊन बघायचं असेल तर हे बघावं. भूत काय, आपल्या गल्लीतही आहे.

सम गावच्या वाळूच्या टेकड्यांबद्दल थोडक्यात. वाळू सुंदर, सूर्यास्त सुंदर, बाकी डीजे. मांगणियार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या 'कमायचा' हे तंतुवाद्य आणि 'खरताल' ह्या लाकडी पट्ट्या घेऊन गाणारी, मुसलमान असून हिंदू यजमानांच्या घरचे जन्म-लग्न गाणारी. त्यांना कॅम्पवर दोन गाणी म्हणू दिली आणि तिसऱ्याला सिनेमातलं लावून सगळ्यांना नाचायला उठवलं. पैसे देऊन आपण हेच मागतो, म्हणून हेच मिळतं.

आणि दुकान. ते चुकत नाही. हाबूर गावच्या दगडाची वाटी, तिच्यात दूध ठेवलं की म्हणे आपोआप दही लागतं. काकूंनी दुकानदाराला उभं-आडवं तपासलं. 'भैया, इसमें विरजण बिल्कुल नहीं डालनेका? और दूध म्हैस का चलेगा?' घेतली. घरी प्रयोग चालू आहे, निकालाची विचारणा करू नये. गाइडला तिथनं कमिशन मिळतं हे उघड आहे आणि मला त्याचा राग येत नाही. आपण गाइडच्या पैशात घासाघीस करतो, मग तो राहिलेलं दुकानातनं काढतो. त्याला नीट पैसे द्या आणि आधीच सांगा, दुकान नको, तो वेळ किल्ल्यात दे. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी निघायच्या आधी तसं केलं. त्यानं तटाच्या बाहेरून फिरवून कुठं भिंतीला पोट आलंय, कुठं नवीन दगड बसवलाय, कुठं पाइप उघडा पडलाय ते दाखवलं. अख्ख्या सहलीचे पैसे तिथं वसूल झाले.

आता हे सगळं का लिहितोय? कारण आपलाही एक राहता किल्ला आहे, घरापासनं वीस किलोमीटरवर. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी वारसा म्हणून बारा किल्ले जागतिक यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. आपण पेढे वाटले, स्टेटस ठेवले. वर राहणाऱ्या लोकांच्या मनात मात्र धास्ती, की आता खिळा ठोकायलाही परवानगी लागणार आणि एक दिवस उठवणार. त्यांची धास्ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो, की जैसलमेरच्या किल्ल्यात वारसा यादीत जाऊन एवढी वर्षं झाली तरी माणसं राहतायत, भिंतीवर लग्नाचे गणपती काढतायत. तिथं बुरूज पडायला लागले ते पाण्यानं, आणि यादीत जायच्या कितीतरी आधी.

आणि आपल्याकडं तर पाणी वरनंही येतं. जैसलमेरला वर्षात पडतो त्याच्या कितीतरी पट आपल्याला एका पावसाळ्यात. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा, पाणी पिणारा दगड. २०२१ च्या जुलैत गडावर जायचा रस्ताच खचून खाली गेला, ते सगळ्यांनी बघितलंय. त्यात लॉज, हॉटेलं, सेकंड होम वाढतायत, प्रत्येक खोलीला बाथरूम. जुन्या लोकांनी सोमाळे तळं, अंधारबाव अशी पाण्याची सोय गडावर करून ठेवली. १६६० ला सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने झेलताना अंबरखान्यातल्या धान्याइतकीच ती कामी आली असणार. आपल्याकडं पन्हाळ्यावर गाइड आहेत, काही तर बाजीप्रभूंचा प्रसंग असा सांगतात की अंगावर काटा येतो. त्यांनी तो सांगावाच. पण अंधारबावीच्या पायऱ्यांवर उभं करून हे पाणी कुठनं येतं आणि वरच्या वस्तीचं सांडपाणी कुठं जातं, हेही सांगायला लागले तर ऐकायला मी पैसे भरून येईन. गडावरची पोरंपोरी ह्या कामाला तयार करा, त्यांना नीट मानधन द्या. स्वतःच्या घराखालचा दगड त्यांच्याइतका कुणाला कळणार?

गडावरच्या बांधकामाची विचारणा माझ्याकडं अधूनमधून येते. इथून पुढं मी आधी शोषखड्डा कुठं आणि सांडपाणी कुठं सोडणार ते विचारणार, मग दर सांगणार. धंद्यातले मित्र म्हणतील, दुसरा कुणी करेल. करेल की. म्हणूनच ही पोस्ट टॅग करून टाकतोय, पन्हाळ्यावर घर किंवा लॉज असलेल्यांनी आपली ड्रेनेज लाइन कुठवर जाते ते खाली लिहा. ठाऊक नसेल तर तसं लिहा, प्लंबर घेऊन एक दिवस येतो, जेवण तुमच्याकडं.