‘इजेक्ट’ची गरज संपली, म्हणे!

इजेक्ट म्हणजे पेनड्राइव्ह ओढण्याआधी कॉम्प्युटरला ‘आता सोड’ असं सांगणं. त्याबद्दलचा तो मेसेज आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा फिरतोय: ‘पेनड्राइव्ह काढण्याआधी इजेक्ट करायची गरज नाही, मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलंय. कॉपी झाली की खुशाल ओढा. फार तर एखादी फाइल जाईल, पेनड्राइव्ह थोडाच जळणार आहे!’

मायक्रोसॉफ्टचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे, म्हणूनच इतकं पसरतं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळचंच सेटिंग असतं. लिहायचा डेटा विंडोज मेमरीत राखून ठेवत नाही, लगेच ड्राइव्हवर उतरवतं. त्यामुळे काहीच चालू नसताना ड्राइव्ह ओढला तर सहसा बिघडत नाही. फॉरवर्ड होता होता नेमके ‘काहीच चालू नसताना’ हे तीन शब्द गळाले. पेनड्राइव्हवरूनच एक्सेलची फाइल उघडा आणि लपलेल्या फाइली दिसू द्या. शेजारी ~$ ने सुरू होणारी एक चिमुकली फाइल आलेली असते. मूळ फाइल अजून कुणाच्या तरी हातात आहे, याची ती खूण. शिवाय त्या ड्राइव्हला कुणी ‘बेटर परफॉर्मन्स’ हे दुसरं, डेटा मेमरीत राखून ठेवणारं सेटिंग लावून ठेवलं असेल, तर इजेक्ट आलंच.

‘कॉपी झाली की’? झाली हे ठरवलं कोणी? मला हे महागात पडलंय. ऑफिसातल्या उबुंटूच्या, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स चालणाऱ्या मशीनवरून भाचीच्या साखरपुड्याचा दोन जीबीचा व्हिडिओ घेतला. कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी बघता बघता भरली, ड्राइव्ह काढून बॅगेत टाकला. घरी टीव्हीला लावला तर नाव बरोबर, साइझ बरोबर, आणि अंगठी बोटात जायच्या आत चित्र गोठलं! लिनक्स डेटा आधी रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत घेतं आणि सवडीने खाली उतरवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो ३० सेकंद तिथेच थांबू शकतो, वर स्वस्त ड्राइव्हचा गोगलगायीचा वेग. पट्टी भरली ती रॅमपर्यंतची. तिथे इजेक्ट म्हणजे ‘उरलंसुरलं सगळं लिही, मग सोड’. मॅकवरही इजेक्ट न करता काढलात की लगेच तक्रारीची खिडकी येते. विंडोजच्या बदलाशी या दोघांचा काय संबंध?

ड्राइव्ह जळत नाही, हे मात्र कबूल. यूएसबीच्या पिनांमध्ये विजेच्या दोन, कडेच्या, डेटाच्या पिनांपेक्षा लांब असतात. वीज आधी जोडली जाते आणि शेवटी तुटते. चालू मशीनमधून काढता यावं अशीच ती रचना आहे.

पण ‘एखादी फाइल’? पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, आणि त्यांच्याकडे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंदवही नसते. कुठली फाइल कुठे आहे याचा तक्ता लिहिला जात असतानाच ड्राइव्ह उपटला, तर ज्यांना हातही लावला नव्हता अशा फाइलीही बेपत्ता होऊ शकतात.

आणि ‘डिव्हाइस वापरात आहे’ म्हणून विंडोज अडून बसलं, तर आधी उघड्या फाइली आणि फोल्डरच्या खिडक्या बंद करा. तरीही ऐकत नसेल तर शटडाउन करा, मग काढा. झाकण मिटलेला लॅपटॉप शटडाउन झालेला नसतो, तो नुसता झोपलेला असतो.