लपवलेली शीट म्हणजे कुलूपबंद शीट नव्हे

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हिशेबाची एकच एक्सेल फाइल ठेवा. नको त्या शीट हाइड करा, पासवर्ड लावा, वर मॅक्रो (फाइलीतला छोटा प्रोग्राम) टाका. ज्याला त्याला फक्त आपलीच शीट दिसेल. गूगल शीट्समध्येही हेच करा.’ कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. हा सल्ला कुणीही पाळू नये.

हाइड केलेली शीट उघडायला राइट क्लिक करून ‘अनहाइड’ म्हटलं की झालं. आमच्याकडे एका सभासदाची थकबाकी अशीच उघडून पार्किंगमध्ये चारचौघांत वाचली गेली. त्यांच्या घरी तेव्हा आजारपण चालू होतं. ते अजून मीटिंगला येत नाहीत. मॅक्रोच्या एडिटरमधून ‘व्हेरी हिडन’ केलेली शीट ‘अनहाइड’च्या यादीत येत नाही, पण ऑल्ट आणि एफ११ दाबून तो एडिटर उघडणाऱ्याला ती सापडते.

पासवर्डाच्या बाबतीत मेसेजमध्ये मोठीच गल्लत आहे. फाइल उघडतानाचा पासवर्ड मजकूर खरोखर एन्क्रिप्ट करतो, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही असा करतो, पण तो ज्याला दिला त्याला सगळ्याच शीट मिळतात. एका शीटमधले बदल रोखणारा ‘प्रोटेक्ट शीट’चा पासवर्ड काहीच एन्क्रिप्ट करत नाही. एक्सेल २००७ पासूनची नेहमीची फाइल ही आतून झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं असते. ती सोडवली की लपवलेल्या शीटचे आकडेही एक्सएमएलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, वाचता येतात. हे संरक्षण चुकून फॉर्म्युला पुसला जाऊ नये यासाठी आहे, गुपितासाठी नाही, असं मायक्रोसॉफ्टही सांगतं.

मॅक्रो बंद ठेवून फाइल उघडली तर तो चालतच नाही, आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए, म्हणजे हे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती, चालत नाही.

गूगल शीट्समध्ये ‘प्रोटेक्ट’ने बदल थांबतात, बघणं थांबत नाही. फाइलची प्रत काढू दिली असेल तर प्रत काढणारा तिचा मालक होतो आणि लपवलेली शीट उघडतो.

दोन्हीकडे बघण्याची परवानगी फाइलला असते, शीटला नसते. म्हणून थकबाकी, वॉचमनचे पगार आणि दुरुस्तीखर्च यांच्या फाइली वेगळ्या करा. गूगल शीट्समध्ये दुसऱ्या फाइलीतले आकडे आणणाऱ्या ‘इम्पोर्टरेंज’ फॉर्म्युल्याने त्या जोडायच्या असतील तर आकडे छोट्या फाइलींतून खजिनदाराच्या फाइलीत ओढा. उलटं जोडलंत आणि एकदा परवानगी दिलीत, की छोट्या फाइलीत एडिट करू शकणारा कुणीही खजिनदाराच्या फाइलीतला कुठलाही भाग खेचू शकतो.