गळणारा व्हॉल्व्ह आणि ‘अर्धवट ज्ञान’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मोटरहोममधील (राहण्याची सोय असलेल्या गाडीतील) प्रोपेन गॅसवर चालणाऱ्या पाण्याच्या हीटरविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तीत चार आक्षेप आहेत: सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकू लागला की तो सरळ बदलायला सांगायचे सोडून मी वाचकांना “हवेच्या पोकळीच्या गोष्टी” सांगत बसलो, अ‍ॅनोड रॉड प्रत्येक हीटरमध्ये असतो असे लिहिले, बर्नर पेटत नसेल तर आधी बॅटरीचे व्होल्टेज तपासावे हे सांगितले नाही, आणि बर्नर न पेटल्याचा लाल दिवा लागल्यावर स्विच पुन्हा पुन्हा बंद-चालू करायला सुचवले. शेवटी आपण लिहिता, “असे अर्धवट ज्ञान वाटण्यापेक्षा लेखकाने एकदा तरी हीटरचे झाकण उघडून पाहावे.”

अ‍ॅनोडविषयीचा आक्षेप मान्य. पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड बसवतात, गंजाने टाकीऐवजी त्याला खावे म्हणून. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत तो नसतो, तिला तळाशी साधे प्लॅस्टिकचे बूच असते. ‘प्रत्येक’ हा शब्द माझ्याकडून घाईत लिहिला गेला. चूक दाखवल्याबद्दल आभार. तीच चूक एका सभ्य वाक्यात दाखवता आली असती, एवढेच नोंदवून ठेवतो.

आता झाकणाविषयी. गेली अकरा वर्षे मी वर्षातले निम्मे महिने अशाच गाडीत राहतो. बर्नरच्या नळीत कोळ्याने विणलेली जाळी मी स्वतःच्या हाताने ब्रशने काढली आहेत, कुंभारीण माशीने त्याच नळीत बांधलेले मातीचे घर फोडले आहे आणि निळी ज्योत पिवळी पडली की झाकणावर काजळी कशी धरते तेही पाहिले आहे. माझ्या वडिलांची सारी हयात बॉयलरवर गेली. दाबाखालच्या पाण्याशी थट्टा करायची नाही हे मी शाळेत जाण्याआधी घरात शिकलो, त्यामुळे ते मला एका निनावी प्रतिक्रियेतून शिकावे लागेल असे वाटले नव्हते.

आपण जिला ‘गोष्ट’ म्हणता, ती अशी आहे. २३ लिटरच्या टाकीतले पाणी १५ अंश सेल्सियसवरून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे १.६ टक्क्यांनी फुगते, म्हणजे साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक पाण्याला नवी जागा लागते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यामुळे ते पंपाकडे मागे जाऊ शकत नाही, नळ बंद असल्यामुळे पुढे जाऊ शकत नाही, आणि पाणी दाबून आक्रसत नाही. टाकीच्या माथ्याशी हवेसाठी थोडी जागा राखलेली असते ती याचसाठी. ही हवा दिवसेंदिवस पाण्यात विरघळत नळावाटे निघून जाते, मग तापताना दाब चढत चढत १५० पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच) पोहोचतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थोडे पाणी बाहेर सोडतो. तो बसवलेलाच त्यासाठी असतो. चोख काम करणाऱ्याला नादुरुस्त ठरवून काढून टाकावे, असा आपला सल्ला आहे.

हा सल्ला मला नवा नाही. माझ्याच गाडीतला व्हॉल्व्ह एका कारागिराने एका मोसमात दोनदा बदलला. नवा बसवण्यासाठी टाकीतले पाणी काढावे लागते, ती पुन्हा भरताना माथ्याशी हवा आपोआप कोंडली जाते, ठिबक काही आठवडे थांबते आणि कारागीर बरोबर होता असे सगळ्यांना वाटते. तिसऱ्यांदा पैसे मोजण्याआधी मी हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ दिले, पंप बंद केला, गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवला आणि व्हॉल्व्हचा खटका उचलून पाणी यायचे थांबेपर्यंत तसाच धरला; मग खटका सोडला, नळ बंद केला आणि पंप सुरू केला. ठिबक थांबली. दर मोसमात एवढेच करत त्याच व्हॉल्व्हवर मी पुढची चार वर्षे काढली. यात अर्धवट काय आहे ते मला अजून कळलेले नाही.

व्हॉल्व्ह कधीच खराब होत नाही असे मी कुठेही म्हटलेले नाही. पाणी गार असतानाही ठिबक चालू असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर (जिथे तो घट्ट मिटतो तिथे) क्षार अडकलेला असतो किंवा व्हॉल्व्ह खरोखर गेलेला असतो. खटका दोन-तीनदा उचलून सोडल्यावरही ती थांबली नाही तर तो बदलावा, आणि नवा त्याच दाबाचा व त्याच तापमानाचा घ्यावा. वाफेसह उकळते पाणी जोराने येऊ लागले तर दोष तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटकडे असण्याची शक्यता मोठी, तेव्हा हीटर तत्काळ बंद करावा. हे सगळे लेखात आहे. तुम्ही तिथवर वाचलेले दिसत नाही.

बाकीच्या दोन आक्षेपांवर फार वेळ घालवत नाही. बॅटरी उतरली की ठिणगी दुबळी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही हे या गाड्यांत राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, आणि लेखाचा भर पाण्याच्या बाजूवर होता. स्विचबद्दल म्हणाल तर मी ‘पुन्हा’ लिहिले आहे, ‘पुन्हा पुन्हा’ नव्हे. सिलिंडर बदलल्यावर नळीत हवा राहिल्यामुळे पहिले प्रयत्न फुकट जातात, म्हणून आधी शेगडी पेटवून ती हवा घालवावी, हा संदर्भही त्याच ओळीत होता. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि खाली साचतो, हा धडा मला देण्याची गरज नव्हती. दोन प्रयत्नांमध्ये पाच मिनिटे थांबावे आणि गॅसचा वास आल्यास स्विचला हातच लावू नये, हे मी लिहिले नव्हते हे खरे आहे. पण शहाण्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

अ‍ॅनोडचे वाक्य आज दुरुस्त केले आहे. व्हॉल्व्हविषयीचा मजकूर जसाच्या तसा ठेवला आहे.